दोनशे रड

विश्वामित्रीचा पूर हॉस्पिटलच्या तळघरात शिरला
तेव्हा रेकॉर्ड रूमबरोबर चौऱ्याऐंशी सालही गेलं.
सुमित्राबाई खानविलकरांना त्या वर्षी किती किरणं दिली
हे सांगणारी एकच वस्तू आता माझ्या टेबलावर आहे :
मिलच्या हिशेबनिसाची लाल कापडी वही,
दांडिया बाजारातून रिक्षानं आलेली,
पिशवीत, केळ्यांच्या खाली.

पहिली पानं दुधाची. दीड लिटर. एक लिटर. खाडा.
मग मधूनच, त्याच शाईत, त्याच रेघांवर,
सोमवार. कोबाल्ट. २०० रड.
मंगळवार. २०० रड.
बळवंतरावांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तसं लिहिलं.
डोक्यावरचा अर्धचंद्र द्यायचा राहिला,
किंवा त्यांनी त्यालाच अर्धचंद्र दिला.

माझं काम साधं आहे.
शंभर रॅडचा एक ग्रे.
एक रॅडचा एक सेंटीग्रे,
म्हणजे जुन्या कागदावर आकडा तसाच ठेवायचा
आणि नाव तेवढं बदलायचं.
बाई म्हणाल्या, "मग लग्नच की हे.
ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढलं माझं.
वजन तेच. अमळनेरहून बेचाळीस किलो आले,
बडोद्यात बेचाळीसच उतरले."

तसंच.
फक्त टिंब एक घर सरकलं
तर दोनाचे वीस होतात,
आणि शरीराला बेरीज येते,
वजाबाकी फार सावकाश जमते, सगळी जमतच नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल.
किलोभर गहू अर्धी वीत उचलायला लागतं तेवढं.
अख्ख्या कोर्समध्ये कपातलं पाणी कोमटसुद्धा होत नसतं.
मी हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते,
ते दरवर्षी हसतात,
मग कुणीतरी एकजण हसायचं थांबतो.

बोट ठेवत मोजलं. नोंदी पंचवीस.
पंचवीस दुणे पन्नास.
पन्नास ग्रे त्या फासळ्यांनी आधीच घेतले असतील
तर आता आपल्याला तिथे फार जागा नाही.
पुन्हा मोजताना एकोणिसाव्या ओळीवर अडले.

गुरुवार. रड.

आकडा नाही.
नीब कागदात जरा जास्त रुतलेली.

पार्थ गज्जर खुर्ची सरकवत म्हणाला,
"पचास पकडी लो ने, मॅडम. सेफ साइड."
सेफ कुणाची? दोन ग्रे म्हणजे एक अख्खा दिवस.
तो आत्ताच्या गाठीवर खर्च करता येतो की नाही
एवढाच प्रश्न होता.

मी वही त्यांच्यापुढे धरली.
त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"या गुरुवारी तुमचं मशीन बिघडलं होतं.
सुट्टी म्हणून आम्ही कमाटीबागेत गेलो.
हरणं बघितली. बाहेर गाडीवर शेवउसळ.
मी दोन प्लेटी खाल्ल्या,
महिन्यात पहिल्यांदा जिभेला काही कळलं.
हे म्हणाले, तिखट फार आहे, डोळ्यांतून पाणी येतंय."

मग जरा थांबून,
"प्लेटीला हात तरी कुठे लावला होता त्यांनी."

चोवीस गुणिले दोनशे. चार हजार आठशे.
अठ्ठेचाळीस ग्रे.
एकोणिसाव्या दिवसाचा रकाना रिकामा सोडला
तर सॉफ्टवेअर पुढे जाऊ देईना,
म्हणून तिथे शून्य टाकलं,
शेऱ्यात लिहिलं : मशीन बंद.
पार्थनं न बोलता आकडे पुन्हा तपासले, सही केली.

बाई पदर सावरत उठल्या.
केळी आमच्यासाठी होती.
"वही मात्र आठवणीनं परत द्या हं," म्हणाल्या,
"शेवटच्या पानावर बघा,
भरवाडाचे सव्वाअकरा रुपये द्यायचे राहिलेत."